सुई दिसतेय का, डॉक्टर?

पत्राचा गोषवारा: तालुक्याच्या गावी 15 खाटांचं रुग्णालय चालवणाऱ्या एका अस्थिरोगतज्ज्ञ डॉक्टरांचं पत्र आहे. वय 39, प्रॅक्टिसला 11 वर्षं. खांदा, गुडघा, टाच इथली स्टेरॉइडची इंजेक्शनं त्या आजवर हाताने चाचपून देत आल्या. दिवाळीनंतर त्यांनी शहरात दोन दिवसांची कार्यशाळा केली. विषय होता सोनोग्राफीत बघत सांध्यात आणि टेंडनभोवती (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीभोवती) सुई नेणं. डॉक्टर 30, मशिनं 4. स्वतःच्या हातात प्रोब, म्हणजे अंगावर टेकवायचा सोनोग्राफीचा दांडा, आला तो जेमतेम पाव तास. प्रमाणपत्र मिळालं. महिन्याभराने गावातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयातलं मशीन वापरून त्यांनी 66 वर्षांच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकेच्या खांद्याला पहिलं इंजेक्शन दिलं. सुई आत गेली आणि पडद्यावरून गायब झाली. बाईंनी मान वळवून विचारलं, "सुई दिसतेय का, डॉक्टर?" यांनी "हो" म्हटलं आणि औषध सोडलं. बाईंना आठ दिवसांत छान आराम पडला. आता त्या गावभर सांगत सुटल्या आहेत, आणि त्यांच्या शब्दावर दोघं जण "मशीनवरची सुई" मागायला आलेत: एकाचा गुडघा सुजलाय, दुसऱ्याचं कोपर दुखतंय. डॉक्टर विचारतात, आपल्याला हे जमणार नाही असं समजून सोडून द्यावं, घर आणि प्रॅक्टिस सहा महिने बंद ठेवून फेलोशिप करावी, की सगळे म्हणतात तसं रुग्णांवरच हात बसू द्यावा?

उत्तर:

तुम्ही चार पानं लिहिलीत. त्यात कार्यशाळेची फी आहे, मशिनचा हप्ता आहे, मुलीचं सातवीचं वर्ष आहे. पण मला वाटतं पत्र लिहायला बसवलं ते त्या एका "हो"ने. तेव्हा आधी तिथेच जाऊ.

"हो" का निघालं हे मला कळतं, कारण माझ्या तोंडूनही निघालंय. खांद्यावर निर्जंतुक कापड, सिस्टर ट्रे धरून उभी, सुई निम्मी आत, रुग्ण श्वास रोखून बसलेला. रुग्णासमोर चाचरायचं नाही हे आपल्या अंगात एमबीबीएसपासून मुरवलेलं असतं. त्यामुळे जीभ आपोआप वळते. पण एक गोष्ट वेगळी काढून बघा. सुई हरवली ही तुमची चूक धरू नका. सुई हरवतेच. इतक्या वर्षांनी माझीही अधूनमधून हरवते. हरवल्यावर तुम्ही सिरिंज दाबलीत, अडचण तिथे झाली. "एक मिनिट बाई, टोक दिसत नाहीये, दिसेपर्यंत औषध सोडत नाही," एवढं वाक्य पाठ करून ठेवा. मी ते इतक्यांदा म्हटलंय की आमच्या सिस्टर ते माझ्याआधी म्हणतात. ते ऐकून कुणी खुर्चीतून उठून गेल्याचं मला आठवत नाही.

मुख्याध्यापिकाबाई तपासायला परत येतील तेव्हा त्यांना सांगून टाका. मोठा कबुलीजबाब नको. "त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा मला सुई नीट दिसत नव्हती, मी हो म्हणायला नको होतं." गृहपाठ झाला का या प्रश्नाला तीस-पस्तीस वर्षं "हो" ऐकून घेतलेली बाई आहे ती, तिला तुमच्या आवाजावरून तेव्हाच कळलं असण्याची शक्यता मी तरी सोडणार नाही. आणि केसपेपर काढून बघा. त्यावर "सोनोग्राफीत बघून" असं लिहिलंय का? त्याचे वेगळे पैसे लावलेत का? माझा नियम साधा आहे: सुईचं टोक आणि औषध पसरताना दिसतंय असं एक चित्र मशिनमध्ये साठवायचं. चित्र नसेल तर ते शब्द लिहायचे नाहीत आणि त्याचे पैसेही घ्यायचे नाहीत.

आता तुम्ही विचारला नाहीत, पण पत्रात दोनदा खोडलेला प्रश्न. सुई न दिसता बाई बऱ्या झाल्या, मग मशीन हवंच कशाला?

प्रश्न चांगला आहे, खोडायला नको होता. खांद्याच्या दुखण्यात सोनोग्राफीत बघून दिलेलं इंजेक्शन आणि हाताने चाचपून दिलेलं इंजेक्शन यांची तुलना करणाऱ्या चाचण्या एकत्र करून कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय चाचण्या तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आढावा काढलाय, 2012 मध्ये आणि मग सुधारून 2021 मध्ये. निष्कर्ष मशीन विकणाऱ्यांना आवडणारा नाही. दुखणं कमी होण्यात आणि हात चालण्यात मशिनमुळे बहुधा फारसा फरक पडत नाही. सुई अचूक जागी पडण्याचं प्रमाण वाढतं हे खरं, पण खांद्याच्या वरच्या बर्सात (टेंडनवरच्या गादीसारख्या पातळ पिशवीत) औषध थोडं इकडेतिकडे गेलं तरी आजूबाजूला झिरपून काम करतं, काही अंगातही भिनतं, आणि काही दुखणी आपली आपणच ओसरतात. बाईंचा खांदा या तिन्हींपैकी कशाने बरा झाला ते तुम्हालाही सांगता येणार नाही आणि मलाही. तेव्हा गेली 11 वर्षं आपण लोकांच्या सांध्यात अंदाजपंचे सुया घालत होतो, असं मनाला लावून घेऊ नका. तुमच्या बोटांना ॲक्रोमियनचा, म्हणजे खांद्यावरच्या हाडाचा, कोपरा आणि पाणी भरलेला गुडघा ओळखता येतो. ती विद्या कार्यशाळेने रद्द केलेली नाही.

मशीन लागतं ते दुसरीकडे. खुब्याचा सांधा खोल असतो आणि शेजारून फीमोरल नस-धमनी जाते, तिथे न बघता सुई घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मनगटाच्या कार्पल टनेलमध्ये मीडियन नर्व्ह, म्हणजे हाताकडे जाणारा चेतातंतू, सुईच्या वाटेवरच असते. अंगठ्याच्या मुळाशी, डी क्वेरव्हेनच्या दुखण्यात, दोन टेंडनांच्या मधे काहींना एक पातळ पडदा असतो. न बघता दिलेलं औषध एकाच कप्प्यात राहतं, दुसरं टेंडन तसंच दुखत राहतं आणि आपण म्हणतो इंजेक्शन लागू पडलं नाही. खांद्यातला चुन्याचा साठा सुईने फोडून धुऊन काढायचा असेल तर तो दिसल्याशिवाय होणारच नाही. गुडघ्यामागची बेकरची गाठ रिकामी करायची तर मागच्या रक्तवाहिन्या कुठे आहेत ते बघून. म्हणजे "मला सोनोग्राफीवर इंजेक्शन शिकायचंय" हे वाक्य जरा बदलून बघा. तुमच्याकडे येणाऱ्या कोणत्या चार दुखण्यांत बघण्याने खरंच फरक पडेल? ती चार लिहून काढा. शिकणं लगेच आटोक्यात येतं.

आणि शिकायचं काय? इथे मला तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गैरसमजूत दिसते. तुम्ही "सुई घालायला शिकले नाही" असं लिहिता. सुई घालणं तुम्हाला 11 वर्षं येतंय. येत नाही ते बघणं.

माझा किस्सा सांगतो. मी हे पन्नाशीला आल्यावर शिकायला घेतलं. सुरुवातीच्या काळात एका शेतकऱ्याच्या खांद्यात सुप्रास्पायनेटस या हात उचलणाऱ्या स्नायूच्या टेंडनमध्ये मला काळा डाग दिसला. टेंडन फाटलंय असं मी ठामपणे सांगितलं, त्याला एमआरआयला पाठवलं. टेंडन धडधाकट निघालं. माणूस उसने पैसे घेऊन गेला होता. झालं होतं एवढंच की मी प्रोब किंचित तिरका धरला होता. टेंडनचे तंतू असे असतात की ध्वनिलहरी काटकोनात पडल्या तरच ते पांढरे चकचकीत दिसतात, जरा कोन बदलला की काळे पडतात. याला ॲनिसोट्रॉपी म्हणतात. प्रोब पायाच्या टाच-चवड्यासारखा किंचित उचलून दाबून बघितला असता तर काळा डाग जागच्या जागी उजळला असता. हे मला एका रेडिओलॉजिस्टने दाखवलं, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. दाखवताना ती हसली नाही, याबद्दल मी आजही तिचा आभारी आहे.

तुमची सुई गायब झाली ती याच कारणाने. सुईसुद्धा आरसा आहे. ती प्रोबला जितकी समांतर, तितकी उजळ रेघ दिसते. खड्या कोनात घातली की लहरी भलतीकडे परततात आणि रेघ विझते. त्यात सुई प्रोबच्या पट्ट्यातून केसभर बाजूला गेली की संपलंच, कारण त्या पट्ट्याची जाडी जेमतेम मिलिमीटरभराची असते.

तेव्हा पहिले दोन महिने, एकट्या असताना, सुई ड्रॉवरमध्ये ठेवा. नुसतं बघा. एकच सांधा घ्या, खांदा घ्या, कारण तो तुमच्याकडे रोज येतो. पेशंटला स्टुलावर बसवून मागच्या खिशात हात घालायला लावायचा, कोपर मागे. मग वरचा डेल्टॉइड स्नायू, त्याखाली बर्साची बारीक रेघ, त्याखाली सुप्रास्पायनेटस. हे शंभर खांद्यांत बघा. त्यात दुखणारे, न दुखणारे, तुमच्या यजमानांचा, सिस्टरांचा, औषधवाल्या एमआरचासुद्धा. तो नाही म्हणणार नाही. निरोगी खांदे पुष्कळ बघितल्याशिवाय आजारी खांदा ओळखू येत नाही, आणि दोन दिवसांच्या कार्यशाळेत नेमका हाच भाग पहिल्या सकाळच्या स्लाइड्समध्ये आटपतात.

सुईचा हात बसवायला रुग्ण लागत नाही. स्टीलचा खोल डबा लागतो. केकचं सामान मिळतं त्या दुकानातून जिलेटिन आणा, नेहमीच्या जेलीपेक्षा दुप्पट-तिप्पट घट्ट करा, आणि गरम असतानाच त्यात दोन-तीन चमचे इसबगोल ढवळा. इसबगोल नसेल तर जेली पडद्यावर काळीशार दिसते आणि सुई लख्ख, म्हणजे फसवं सोपं. इसबगोलाने तिला मांसासारखा करडा कणीदार पोत येतो. हातमोज्याचं एक बोट कापून त्यात पाणी भरा, हवेचा बुडबुडा राहू न देता गाठ मारा आणि अर्धवट गोठलेल्या जेलीत दाबून वरून उरलेली ओता. हा तुमचा बर्सा. थोडे भिजवलेले हरभरे टाका, ती चुन्याची गाठ. रात्रभर फ्रिजमध्ये. फ्रिजमध्ये डब्यावर चिठ्ठी लावा, आमच्याकडे एकदा पाहुण्यांनी तो खरवस समजून उघडला होता. जे खातात त्यांना कोंबडीची तंगडी आणखी बरी. तिच्यात खरं हाड, खरं स्नायूंचं आवरण असतं आणि हाताला खरा अडथळा जाणवतो. प्रोबला प्लास्टिक गुंडाळायला मात्र विसरू नका.

डब्यावर एकच शिस्त पाळा: एका वेळी एकच हात हलेल. प्रोब हलवताना सुई थांबलेली, सुई ढकलताना प्रोब थांबलेला. प्रोबच्या हाताची करंगळी आणि तळव्याची कड त्वचेवर टेकलेली हवी, नाहीतर तो घसरतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. अमेरिकेत भूलशास्त्राच्या शिकाऊ डॉक्टरांनी सोनोग्राफीत बघून दिलेल्या 520 नर्व्ह ब्लॉक्सचं (चेतातंतूभोवती औषध सोडून तेवढा भाग बधिर करण्याचं) चित्रीकरण तपासलं गेलं होतं, 2007 मध्ये ते प्रसिद्ध झालं. सगळ्यात जास्त वेळा झालेल्या दोन चुका याच होत्या: सुई दिसत नसताना पुढे ढकलणं आणि नकळत प्रोब सरकणं. तुम्ही त्या दोन्ही एकाच दुपारी केल्यात, म्हणजे अगदी मळलेल्या वाटेवर आहात. सुई हरवली की आधी मान खाली घालून आपल्या हातांकडे बघा, पडद्याकडे नको. सुई आणि प्रोब एका रेषेत आहेत का ते डोळ्यांना दिसतं. तरीही टोक सापडेना तर अर्धा मिली सलाइन सोडा. पाणी जिथे फुगलं तिथे टोक. आणि मशीन रुग्णाच्या पलीकडे ठेवा, तुमच्या नजरेसमोर. पत्रात तुम्ही "पडदा माझ्या पाठीशी होता" असं सहज लिहून गेलात. त्या मानेने कुणालाच जमलं नसतं.

आता माणूस. "रुग्णांवरच हात बसतो" असं तुम्हाला सांगणारे अर्धं खरं सांगतात. शेवटी रुग्णावरच बसतो, पण शेजारी कुणीतरी उभं असताना. तुमच्या गावात एक रेडिओलॉजिस्ट आहेत, असं पत्राच्या शेवटी कंसात लिहिलंय. कंसात का? ते तुमचे खुब्याचे पेशंट पळवतील ही भीती आहे, की ऑर्थोने रेडिओलॉजीवाल्याकडून शिकायचं कसं हा प्रश्न आहे? पहिलं असेल तर सरळ बोला: अवघड केसेस तुम्ही त्यांच्याकडे पाठवा, त्या बदल्यात गुरुवारी दुपारी दोन तास त्यांच्या शेजारी उभं राहू द्या. त्यांना तुमच्याकडून खांदा तपासायची विद्या हवीच असते, चित्र दिसतं पण दुखतं कुठे हे कळत नाही ही त्यांची अडचण. दुसरं असेल तर माझा वरचा किस्सा पुन्हा वाचा. आणखी एक माणूस तुमच्या ऑपरेशन थिएटरमध्येच आहे: नर्व्ह ब्लॉक देणारे तुमचे भूलतज्ज्ञ. सुईचं टोक धरून ठेवण्यात त्यांचा हात आपल्यापेक्षा कितीतरी सराईत असतो आणि आपण त्या वेळी हात धुवायला गेलेलो असतो.

किती केसेस झाल्या म्हणजे आलं, असं विचारू नका. निरनिराळ्या संस्था निरनिराळे आकडे सांगतात आणि हात आकडे वाचत नाही. मी शिकाऊंना विचारतो ते वेगळं: लागोपाठ दहा वेळा, मी एक शब्द न बोलता, पहिल्यापासून शेवटपर्यंत टोक दिसत राहिलं का? आणि न दिसल्यावर तू स्वतःहून थांबलास का? ही दहा झाली की तेवढ्या एका सांध्यापुरती मोकळीक. क्रमही माझा ठरलेला आहे. आधी पाणी भरलेला गुडघा, कारण लक्ष्य मोठं, उथळ, आणि पाणी बाहेर आलं की आपण जागेवर आहोत याची पावती मिळते. मग खांद्याचा बर्सा, मग मागून खांद्याचा सांधा, मनगट बऱ्याच उशिरा, खुबा सर्वांत शेवटी. मानेच्या आणि पाठीच्या कण्याजवळ तुम्ही जाऊच नये असं माझं म्हणणं.

फेलोशिपचं म्हणाल तर वाईट काहीच नाही. पण तुमच्या चार दुखण्यांसाठी सातवीतली मुलगी आणि चालतं रुग्णालय सोडून सहा महिने जाणं मला महाग वाटतं. महिन्यातून दोन दिवस असं वर्षभर एकाच चांगल्या विभागात जाता आलं तर जास्त मुरेल. मधले दिवस डब्यावर आणि खांद्यांवर जातात, प्रश्न साठतात, पुढच्या खेपेला विचारता येतात. कार्यशाळा पुन्हा करायची असेल तर पैसे भरण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा. एका मशिनमागे माणसं किती? शेवटी माझी परीक्षा कोण घेणार, नापास करतात का? आणि परत गेल्यावर माझी साठवलेली चित्रं बघून चूक सांगणारं कुणी आहे का? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी पलीकडून खोकल्याचा आवाज येतो. वैद्यकीय परिषदेला पाच वर्षांत 30 क्रेडिट तास दाखवायचे असतात, ते प्रमाणपत्राने भागतात. त्यापलीकडे त्या कागदाचा उपयोग फ्रेम करण्यापुरता.

एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाही आणि मला तिचीच खरी धास्ती वाटते. ट्रस्टचं ते मशीन ज्या केंद्राच्या नावावर नोंदलंय, त्या नोंदणीत तुमचं नाव आहे का? आपण खांदेच बघतो, गर्भाशी आपला काय संबंध, असं बऱ्याच ऑर्थोंना वाटतं. 1994 च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्याला आणि त्याच्या 2003 च्या दुरुस्तीला तसं वाटत नाही. मशीन पोट बघू शकतं एवढं त्याला पुरे आहे. नोंदणी जागेची, मशीनची आणि वापरणाऱ्या डॉक्टरचीही. ती पाच वर्षांची असते आणि नूतनीकरणाची तारीख विसरून चालत नाही. लहान उचलतं मशीन पिशवीत घालून घरी किंवा दुसऱ्या दवाखान्यात नेता येत नाही. तेव्हा वर सांगितलेला जिलेटिनचा डबा मशिनकडे जाईल, मशीन डब्याकडे येणार नाही. एमएस ऑर्थो या पदवीवर तुम्हाला परवानगी मिळते की 2014 च्या नियमांतलं सहा महिन्यांचं प्रशिक्षण मागतात, हे मित्राला विचारू नका. जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्याला, म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाला, अर्ज करून उत्तर लेखी घ्या. ते हातात येईपर्यंत त्या मशीनला रेडिओलॉजिस्टांच्या देखरेखीशिवाय हात लावू नका, आणि देखरेख पुरते का हेही त्याच अर्जात विचारा. कटकट आहे, कबूल. पण असा कायदा सगळ्यात आधी, 1988 मध्ये, आपल्याच महाराष्ट्राला करावा लागला, आणि त्यानंतरही सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली 2001 मध्ये 913 होत्या त्या 2011 मध्ये 894 झाल्या. त्यामुळे अर्ज भरताना मी फार कुरकुरत नाही.

आणि शेवटी औषधाबद्दल, कारण मशीन आलं की सुया वाढतात. हप्ता फेडायचा असतो, पेशंट "मशीनवरची सुई" मागत येतो, आणि आपल्यालाही दिसायला लागलेलं असतं. 2017 मध्ये गुडघ्याच्या झिजेवरची एक अमेरिकी चाचणी प्रसिद्ध झाली. 140 रुग्ण, दर तीन महिन्यांनी 40 मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड किंवा नुसतं सलाइन, दोन वर्षं. इंजेक्शनं सगळी सोनोग्राफीत बघून, म्हणजे अगदी जागच्या जागी. स्टेरॉइडवाल्यांची कूर्चा जास्त झिजली, आणि दुखण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. अचूक जागी गेलेलं औषध बरोबर औषध असतंच असं नाही. तुमच्या मुख्याध्यापिकाबाईंना मधुमेह आहे असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. इंजेक्शननंतर चार-आठ दिवस साखर चढते हे त्यांना सांगितलं होतंत का? सांधा बदलायचं ठरलेल्या पेशंटला त्याआधीच्या तीन महिन्यांत स्टेरॉइड नको, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. टाचेमागच्या अकिलिसच्या टेंडनमध्ये तर कधीच नको. आणि सुईजवळ बाटलीतलं नेहमीचं जेल वापरू नका. उघड्या बाटलीत जंतू वाढून संसर्ग पसरल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. निर्जंतुक जेलची पुडी आणि प्रोबवर निर्जंतुक आवरण, दोन्ही हवं.

बाईंनी पाठवलेले दोघं अजून थांबलेत म्हणता. गुडघ्यात पाणी झालंय त्यांना गुरुवारी रेडिओलॉजिस्टांकडे घेऊन जा, तुम्ही स्वतः सोबत जा. सूज तापलेली, लाल असेल तर आधी पाणी तपासणीला पाठवा, औषध नंतरचं नंतर. तसं नसेल तर तुमच्या लागोपाठ दहांतला हा पहिला, त्यांच्या नजरेखाली.

कोपरवाल्याला मात्र सुई नको, मशीनवरची नाही आणि हाताचीही नाही. 2013 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 165 रुग्णांवरचा अभ्यास आला होता. टेनिस एल्बोला, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या अंगाच्या दुखण्याला, स्टेरॉइड दिलेल्यांपैकी 54 टक्क्यांचं दुखणं वर्षभरात उलटलं, नुसतं सलाइन दिलेल्यांपैकी 12 टक्क्यांचं. पहिल्या महिन्यात तो तुमचं नाव घेईल, पुढच्या दसऱ्याला बोटं मोडेल. त्याला व्यायाम दाखवा, काय उचलायचं नाही ते सांगा. "पण बाईंना तर मशीनवर दिलीत" असं तो म्हणेल. म्हणू द्या. रेडिओलॉजिस्टांच्या देखरेखीखाली प्रोब ठेवून त्याला त्याचं टेंडन पडद्यावर दाखवा, तुमचाही एक कोपर बघून होईल.